सायकलवाली हवालदारीण

विश्रामबागेत तेव्हा घरं बोटांवर मोजण्याएवढी होती आणि त्या सगळ्यांची तोंडं सांगली-मिरज रस्त्याकडं होती. चंद्राबाईच्या घराचं तोंड तेवढं रुळांकडं होतं.

गवंड्यानं तिला सांगून पाहिलं होतं. "आवं वैनी, पै-पावणं रस्त्यानं येत्यात. गाडीकडं तोंड करून कुनी घर बांधतं का?"

"आमचं पावणं गाडीनंच येनार हायत," असं म्हणून तिनं पायाची दोरी स्वतः उचलली आणि उलट्या बाजूला नेऊन धरली.

हे पाहुणे म्हणजे तिचे यजमान, हवालदार हंबीरराव. रहिमतपूरजवळच्या एका गावात त्यांचा ऊस होता. एक भाऊ शेतात आणि एक पलटणीत, ही त्या घराण्याची जुनी रीत. लढाई सुरू झाली त्या साली हंबीरराव रजेवर आले, मिरजेकडच्या एका सोबत्याच्या नादानं विश्रामबाग स्टेशनामागं एक प्लॉट घेऊन बसले आणि तिथल्या बोरीच्या काट्यांत नव्या बायकोला उभं करून म्हणाले, "पेन्शन झाली की हितं ऱ्हायाचं. दारात बसून गाडी बघत च्या प्यायाचा." मग ते समुद्रापलीकडं गेले ते गेलेच. आज मिसर, उद्या इटली, अशी नुसती गावांची नावं घरी येत राहिली.

चंद्राबाई विशीतली. उसाच्या घरात कामाला तोटा नव्हता आणि ती कामचुकारही नव्हती, पण तिच्या अंगात जन्मापासूनच वारं होतं. चालायचं तिथं ती पळायची, हसायला लागली की भिंतीला धरून बसायची. नवरा नाही, आणि त्यानं दाखवलेली जागा तिकडं काटे धरून पडलेली, हे तिला सहन होईना. एके दिवशी सासरे नाथाजी यांच्या पानात भाकरी वाढता वाढता तिनं विषय काढला. प्लॉटवर घर बांधायचं आणि आपण तिथं राहायला जायचं.

नाथाजींचा हात ताटातच थांबला. "माळावर जाऊन काय काटं खानार हायस?"

तेवढ्यात चंद्राबाईची सासू, बनुबाई, चुलीपाशनं उठली आणि कोपऱ्यात जाऊन आपल्या लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागली.

"तू कुठं निघालीस?" नाथाजींनी ओरडून विचारलं.

"हिच्यासंगं. जलमभर तुमच्या उसात पाचट सोललं. आता म्हातारपनी जरा गंमत बघू द्या की."

अशा रीतीनं त्रेचाळीस साली सासू-सून माळावर राहायला आल्या.

आणि गंमत खरोखरच होती. गाडी यायच्या आधी फळीवरची भांडी आपापसांत बोलायला लागायची. मग पाण्याच्या हंड्यावर लाटा उठायच्या, दाराची कडी वाजायची, आणि मिरजेहून सांगलीला जाणारी ती छोटी गाडी धापा टाकत अंगणापुढून जायची. तिच्या मागं कधी गुळाचा वास यायचा, कधी हळदीचा. बनुबाईला कानांनी फार कमी ऐकू येई, पण गाडी तिला तळपायांतनं कळे. "आली गं, आली," म्हणत ती ओसरीवर येऊन बसायची आणि खिडक्यांतल्या माणसांना हात करायची. सुरुवातीला माणसं बुजायची. पुढं पुढं तीही हात करायला लागली. कुणी कॉलेजची पोरं होती, कुणी बाजारकरी, कुणी रजेवर आलेले शिपाई. "किती पावणं येऊन गेलं बघ आज," असं बनुबाई रात्री जेवताना समाधानानं म्हणायची.

चंद्राबाईची मात्र एक पंचाईत होती. सांगलीच्या बाजाराला जायचं तर हीच गाडी. घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर. तरीही तिची गाडी हटकून चुकायची. कारण गाडी दिसली की ती बघतच उभी राहायची. इंजिनाची चाकं, त्यांना जोडलेला तो दांडा, त्याचं ते वर-खाली होणं, वाफेचा तो शेपटा. हे सगळं डोळे भरून बघून होईतो गाडी स्टेशनात उभी राहिलेली असायची, आणि मग ही डोक्यावर बुट्टी घेऊन धूम पळायची. प्लॅटफॉर्मवर पोचायची तेव्हा गार्डाचा डबा लांब गेलेला असायचा.

अशीच एकदा ती बुट्टी खाली ठेवून धापा टाकत होती, तेव्हा रस्त्यानं मनुबाई आली. मनुबाई शेजारच्या प्लॉटवर राहायची. तासगावकडची, लहानपणीच विधवा झालेली. तिनं नर्सचं शिक्षण घेतलं होतं आणि मिरजेला दवाखान्यात ती नोकरीला होती. पांढरं लुगडं नेसून रोज सायकलवर जायची-यायची. तिला सगळे मनूअक्का म्हणत. तिनं एक पाय जमिनीला टेकवून सायकल थांबवली.

"चंद्राबाई, पळून गाडी सापडत नसते. त्यापेक्षा ही शिका."

"मी?"

"नाहीतर काय तुमच्या सासूबाई?"

चंद्राबाईनं सायकलकडं पाहिलं. चाक, दांडा, साखळी. इंजिनाचंच धाकटं भावंड की हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुळांच्या कडेच्या सपाट जागेत शिकवणी सुरू झाली. चंद्राबाईनं नऊवारीचा काचा आवळून घातला, पदर कमरेला खोवला आणि सीटवर बसली. मनूअक्का मागनं धरून पळत होती. "पुढं बघा! चाकाकडं नाही, पुढं!" चंद्राबाई चाकाकडंच बघत होती, कारण ते फिरत होतं आणि फिरणारी वस्तू सोडून दुसरीकडं बघणं तिला जमतच नव्हतं. सायकल सरळ निवडुंगात गेली.

मनूअक्कानं चिमटा आणून काटे काढले. काढता काढता ती हसायला लागली. तिला हसताना बघून चंद्राबाईला हसू फुटलं, आणि दोघी हसू लागल्यावर काही कळत नव्हतं तरी ओसरीवरची बनुबाईही हसू लागली. काटे काढायला दुपार झाली.

आठ-दहा दिवस असेच पडण्यात गेले. गुडघे फुटले, कोपर सोललं, एकदा ती स्टेशनाच्या कुंपणावर जाऊन आदळली. आणि मग एका सकाळी मनूअक्काच्या हाका मागं मागं राहायला लागल्या. चंद्राबाईला वाटलं, ही ओरडते आहे पण लांबून का ओरडते आहे? तिनं वळून पाहिलं. मनूअक्का पार तिकडं, दोन्ही हात वर करून उभी होती. सायकलला कुणीच धरलेलं नव्हतं. माती, रूळ, बाभळी, आभाळ सगळं एकदम मागं पळायला लागलं, आणि चंद्राबाई एकटीच मध्ये जागच्या जागी बसल्यासारखी. थांबायचं कसं हे शिकायचं राहिलंच होतं, म्हणून ती तशीच कॉलेजाच्या वळणापर्यंत गेली, वळून परत आली, घरापुढून तीनदा गेली आणि शेवटी दमल्यावर कडब्याच्या गंजीत शिरून थांबली.

त्यानंतर तिला सुमार राहिला नाही. मनूअक्काची सुट्टी असली की सायकल हिच्याकडं. रस्ता रुळांना चिकटूनच सांगलीकडं जात होता. एकदा ही रस्त्यानं चालली असता मागनं गाडी आली, आणि हिला आपोआपच जोर चढला. इंजिनावर कोंडीबा ड्रायव्हर होता, मिरजेचा, मिशांवर कायम कोळसा. त्यानं बाहेर वाकून पाहिलं, बायामाणूस गाडीशी शर्यत लावते आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं शिट्टी देऊन वाफ सोडली. कॉलेजच्या पोरांनी खिडक्यांतनं डोकी काढली. "हवालदारीण! हवालदारीण!" असा एकच गिल्ला झाला. गाडी अर्थातच पुढं गेली. पण पुढच्या वेळी रेल्वेच्या फाटकापर्यंत ती इंजिनाच्या बरोबरीनं राहिली, आणि त्याच्या पुढच्या वेळी कोंडीबानं स्टेशनात तिला हात जोडून सांगितलं, "वैनी, तुमच्यापायी माझा फायरमन कोळसा घालून घालून मराया लागलाय."

जवळच्या बंगल्यात आप्पासो म्हणून एक पेन्शनर राहत. मामलेदार कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळं कुणी न बोलावताही ते चौकशीला येत. त्यांनी ओसरीवर येऊन बनुबाईला ऐकवलं की मुलगा लढाईवर, आणि सून अशी रस्त्यानं उधळते, हे काही बरं दिसत नाही. बनुबाईला ऐकू जावं म्हणून त्यांना ते तीनदा ओरडून सांगावं लागलं आणि तिसऱ्या खेपेला त्यांचं त्यांनाच ते फिकं वाटलं.

"बरं दिसत न्हाई?" बनुबाई म्हणाली. "मग हितनं न्हाई दिसायचं. तुमच्या फाटकापाशी बसा. तिथनं चांगलं दिसतंय."

आप्पासो रागानं गेले. पण दोन दिवसांनी गाडीच्या वेळेला ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेले दिसले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, "अहो, जरा आधीपासून जोर धरा, सुरुवातीला कमी पडता तुम्ही," असं त्यांनी चंद्राबाईला रस्त्यात थांबवून सांगितलं.

पंचेचाळीस साली लढाई संपली. दिवाळीच्या सुमाराला तार आली. हंबीरराव रजेवर येत होते. पुण्याची गाडी धरून मिरजेला, आणि तिथून सकाळच्या गाडीनं विश्रामबागेला.

तार मनूअक्कानं वाचून दाखवली तेव्हा चंद्राबाईनं ती परत वाचायला लावली, मग आणखी एकदा. नंतर तिनं सगळं घर सारवलं, सारवलेलं पुन्हा सारवलं, आणि रात्रभर अंथरुणावर पडून आपण सायकल चालवतो हे त्यांना सांगावं की न सांगावं याचा विचार केला. पहाटे तिचं ठरलं, की आत्ता काही सांगायचं नाही. आधी माणूस घरात येऊ दे, दोन दिवस धड जेवू दे, मग बघू.

सकाळी स्टेशनावर सगळे जमले. बनुबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. आप्पासोंनी झेंडूचा हार आणला. मनूअक्काला पुढं कामावर जायचं होतं, म्हणून ती सायकल घेऊनच आली होती.

गाडी आली. एक बाई कोंबड्यांची डालगी घेऊन उतरली. एक कॉलेजचा मास्तर उतरला. बाकी कुणीच नाही.

चंद्राबाई डब्यांच्या कडेनं पळत सुटली. एक डबा, दुसरा डबा. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक शिपाई पिशवीवर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता. रंग काळवंडलेला, गालफडं बसलेली, मिशा वाढलेल्या. पण झोपताना एक हात कानाखाली घ्यायची ती सवय तिला चांगली ठाऊक होती.

आता हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव तर घेता येत नाही. "आवं," ती ओरडली. "आवं, उठा की! आवं!"

डब्यातल्या सगळ्या पुरुषांनी वळून पाहिलं. ज्यानं बघायचं तो तेवढा घोरत होता. तिकडं प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला बनुबाई, "हंबीर, हंबीर रं," म्हणत कोंबड्यांच्या बाईला गाठून विचारत होती. गार्डानं हिरवं निशाण दाखवलं. गाडी हलली.

"चंद्राबाई!" मनूअक्कानं सायकल तिच्यापुढं ढकलली. "बसा!"

काचा आवळायलाही सवड नव्हती. कोंडीबाला हात करून थांबवावं, म्हणून ती रस्त्याला लागली आणि जीव खाऊन इंजिनाच्या बरोबरीला आली. एक हात सोडून तिनं त्याला थांबायची खूण केली. कोंडीबाला वाटलं, वैनी आज रंगात आहेत. त्यानंही हात केला, लांबलचक शिट्टी दिली आणि गाडीला वेग दिला.

"आवं थांबा! थांबवा गाडी!"

"या, या!" कोंडीबा हसत ओरडला.

आप्पासोंच्या फाटकात आज कुणी नव्हतं, पण खिडक्या भरल्या होत्या. हवालदारीण, हवालदारीण, असा गलका डब्यांतून मागं मागं पसरत गेला. तिसऱ्या डब्यात तो इतका वाढला की झोपलेला शिपाई जागा झाला. चंद्राबाईला ते सगळं दिसत होतं. तो डोळे चोळत उठला, शेजारच्या पोराला त्यानं काहीतरी विचारलं, पोरानं बोट दाखवलं. त्यानं खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. पदर उडतो आहे, अंबाडा सुटला आहे, कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर आलं आहे, अशी एक बाई सायकल हाणत चालली होती. हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हवेत फिरवत ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "हान, बाई, हान! सोडू नकोस!"

आपला नवरा आपल्याला ओळखत नाही आणि वर जोर देतो आहे, हे बघून चंद्राबाईला इतकं हसू आलं की तिचा जोरच गेला. गाडी पुढं निघून गेली. ती हसत हसत, डोळे पुसत, तशीच पायडल मारत राहिली.

सांगलीच्या स्टेशनात ती पोचली तेव्हा गाडी रिकामी झाली होती. हंबीरराव ट्रंकेवर बसून एका टांगेवाल्याशी बोलत होते.

"विश्रामबाग कवा गेलं ते कळलंच न्हाई गड्या. आता मागं सोड मला."

टांगेवाल्याचं नाव आकाराम. तो त्यांच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाला, "ती बगा, तुमच्या विश्रामबागेची बाई. गाडीबर पळती रोज."

"व्हय रं, बघितलं की म्या. लय भारी बाई. कुनाची हाय?"

"तुमचीच हाय," चंद्राबाई म्हणाली.

हंबीरराव वळले. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, सायकलकडं पाहिलं, परत तोंडाकडं पाहिलं. उठायचा प्रयत्न केला तो ट्रंकेवरच परत बसले. मग हळूहळू त्यांच्या मिशांच्या टोकांपासून हसू वर चढायला लागलं आणि एकदा सुरू झालं ते थांबेचना. ते हसू लागले तशी ती पण हसू लागली, आणि सहा वर्षांनी भेटलेलं ते जोडपं स्टेशनाच्या दारात नुसतं हसत राहिलं. आकारामनं ट्रंक उचलून टांग्यात ठेवली, वळकटी ठेवली, पिशवी ठेवली.

"चला सायेब, बसा."

हंबीररावांनी टांग्याकडं पाहिलं, मग सायकलच्या मागच्या कॅरिअरकडं पाहिलं. "खेचरावर बसलो, टँकावर बसलो, बोटीत बसलो. बायकूच्या मागं काय अजून बसलो न्हाई."

"पडाल," ती म्हणाली.

"तू पाडशील तर पडू."

ते बसले. सायकल नागमोडी निघाली. बाजूनं आकाराम घोडा आवरून चालत होता, त्यालाही हे सोडून पुढं जाववेना. रस्त्यावरची माणसं थांबली. फौजी वर्दीतला माणूस, बुटांचे पाय दोन्हीकडं पसरून, बायकोच्या मागं घट्ट धरून बसलेला. वाटेत त्यांनी घराची चौकशी केली. घराला खोल्या किती, विहीर लागली का, आई बरी आहे का. चंद्राबाई पुढं बघून उत्तरं देत होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "आनि तू? तुला कसं गेलं गं?" आणि ती उत्तर द्यायला मागं वळली. दोघंही सायकलसकट कडेच्या मातीत गेली. कुणाला लागलं नाही. पडल्या जागीच बसून तिनं त्यांना सांगितलं, अगदी शांतपणे, की सुरुवातीला लय वाईट गेलं, मग गाडी होती, मग सायकल आली. ते ऐकत राहिले आणि तिच्या केसांतली माती झाडत राहिले.

घरी बनुबाईनं लेकाच्या तोंडावरनं हात फिरवला आणि तो कुठं उतरला होता असं विचारलं. त्यांनी ओरडून सांगितलं, झोप लागली, सांगलीला गेलो. "मग चांगलं झालं," ती म्हणाली. "सांगली बी बघून झाली." आप्पासोंनी हार घातला. हारातला निम्मा झेंडू एव्हाना गळून गेला होता.

रजा संपवून हंबीरराव पलटणीत गेले आणि पुढं सत्तेचाळीस साली पेन्शन घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सायकल शिकायला घेतली. चंद्राबाई मागनं धरून पळायची आणि ते चाकाकडं बघायचे. तोवर आप्पासोंची सून लीलाबाई शिकून झाली होती, स्टेशनमास्तरांची बायको शिकत होती, आणि संध्याकाळी स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत बायकांची अशी काही आदळआपट चालायची की गाडी आल्यावर प्रवासी चढायचं विसरून बघत राहायचे. लीलाबाईला वळता येत नसे. ती सरळ जाई, उतरे, सायकल हातानं फिरवी आणि परत सरळ येई. मिरजेच्या दुकानातनं चंद्राबाईनं स्वतःची एक जुनी सायकल आणली. तिला घंटी नव्हती, पण हिच्या हसण्यामुळं तिची गरजही नव्हती.

एका दसऱ्याला बनुबाईनं हट्ट धरला की मला मिरजेला बांगड्या भरायला जायचं आहे आणि सायकलवर बसूनच जायचं आहे. हंबीररावांनी समजावून पाहिलं, पण ते तिला ऐकू गेलं नाही. शेवटी कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकली, म्हातारीला एका बाजूला पाय सोडून बसवलं, आणि चंद्राबाई निघाली. वाटभर बनुबाई ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हात करत होती. मिरजेला पोचून तिनं हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या, शेवचिवडा खाल्ला आणि मग सांगितलं की कंबर धरली आहे, आता मी गाडीनं जाते.

चंद्राबाईनं तिला डब्यात खिडकीशी बसवून दिलं आणि स्वतः सायकलवरून निघाली. विश्रामबाग जवळ आलं तसं मागून इंजिन ऐकू आलं. कोंडीबानं शिट्टी दिली. चंद्राबाईनं जोर धरला. डबे एकेक करून पुढं सरकायला लागले आणि एका खिडकीत बांगड्यांनी भरलेले दोन हात दिसले. बनुबाई शेजारच्या बाईला हलवून हलवून सांगत होती, "माझी सून हाय ती. माझी. बघा की जरा, कशी येतीया."